हात स्वस्त, नजर महाग

बंगळुरूची आयटी म्हटली की डोळ्यांसमोर येतात इलेक्ट्रॉनिक्स सिटी आणि व्हाइटफील्ड: काचेच्या इमारती, गळ्यातली ओळखपत्रं, कंपन्यांच्या बसगाड्या. दक्षिण बंगळुरूतली बनशंकरी या चित्रात बसत नाही. इथे देवीचं देऊळ आहे, राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवे लावणाऱ्या बायकांची गर्दी आहे, भाजीबाजार आहे आणि ‘सेकंड स्टेज’, ‘थर्ड स्टेज’ अशा सरकारी नावांच्या वसाहतींत दुमजली-तिमजली घरं आहेत. पीईएस विद्यापीठ आणि बीएनएम इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी याच भागात असल्यामुळे दरवर्षी इंजिनिअरांची नवी तुकडी इथूनच बाहेर पडते. २०१७ पासून मेट्रोही दाराशी आहे. घराच्या वरच्या मजल्यावर खोली भाड्याने घ्यायची, एक लॅपटॉप, एक वायफाय आणि कोपऱ्यावरच्या दर्शिनीची (उभ्याने खायच्या छोट्या उपाहारगृहाची) कॉफी, एवढ्या भांडवलावर कामधंदा करणाऱ्यांना हा भाग सोयीचा पडतो. कुणी छोट्या दुकानदारांसाठी ॲप बनवतं, कुणी अनुवाद करतं, कुणी व्हिडिओ कापतं-जोडतं. सगळे एकखांबी तंबू.

एकट्याने काम करणाऱ्याचं जुनं दुखणं म्हणजे हात कमी पडणं. प्रोग्रॅमरला डिझाइन जमत नाही, अनुवादकाला स्वतःची वेबसाइट उभी करता येत नाही, चित्रकाराला क्लायंटला इंग्रजीत ईमेल लिहायचा कंटाळा. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांना खुलं झालं आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत या दुखण्यावर औषध मिळालं. महिन्याला साधारण दोन हजार रुपयांच्या वर्गणीत कोड लिहिणारा, मसुदा करणारा, चित्र काढणारा मदतनीस घरी आला. पण माणसांच्या टीममध्ये हातांबरोबर आणखी एक गोष्ट फुकट मिळायची: शेजारी बसून ‘अरे, हे चुकलंय’ म्हणणारी दुसऱ्याची नजर. ती या वर्गणीत येत नाही. एआयमुळे करणं स्वस्त झालं आहे आणि तपासणं पूर्वीइतकंच महाग राहिलं आहे. कोड, लेखन आणि एकट्याची कलानिर्मिती, तिन्हीकडे काय चाललंय ते या एका सूत्राने बरंचसं उलगडतं.

कोडला आधी का जमलं

आजच्या बहुतेक भाषिक एआयचा पाया २०१७ साली गूगलमधल्या आठ संशोधकांच्या एका शोधनिबंधाने घातला. त्यांतल्या निकी परमार पुण्याच्या पीआयसीटी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी. या निबंधातल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ रचनेवर उभी राहिलेली यंत्रं, म्हणजेच मॉडेलं, प्रचंड मजकूर वाचून एकच गोष्ट शिकतात: आतापर्यंतचा मजकूर पाहता पुढचा तुकडा कोणता असण्याची शक्यता जास्त. या तुकड्याला टोकन म्हणतात. मग माणसांकडून उत्तरांची पसंती घेऊन यंत्राला वळण लावलं जातं.

प्रोग्रॅमिंगच्या भाषा या पद्धतीला फार मानवतात. त्यांचं व्याकरण काटेकोर असतं, इंटरनेटवर खुला कोड अमाप आहे आणि मुख्य म्हणजे कोड चालवून बघता येतो. चालला नाही तर संगणक तिथल्या तिथे ओरडतो. त्यामुळे यंत्राला शिकवतानाही ‘बरोबर की चूक’ हे यंत्राकडूनच तपासून घेता येतं.

जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलट हा कोड सुचवणारा मदतनीस आला, तेव्हा तो अर्धवट लिहिलेली ओळ किंवा फंक्शन पुरं करून द्यायचा. पुढे गप्पा मारत कोड मागण्याची सोय झाली. २०२५ मध्ये ‘एजंट’ आले. हे एजंट पूर्ण प्रकल्पाच्या फाइली वाचतात, बदल करतात, टेस्ट चालवतात, टेस्ट नापास झाली तर पुन्हा दुरुस्ती करतात. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आंद्रेई कार्पाथी या संशोधकाने ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द रूढ केला. यंत्राला काय हवं ते बोलून सांगायचं, आलेला कोड फारसा न वाचता स्वीकारायचा आणि पुढे जायचं, असा त्याचा अर्थ. गंमत म्हणून, आठवड्याच्या सुट्टीतले प्रयोग म्हणून त्याने तो वापरला होता. बाजाराने तो धंद्याची रीत म्हणून उचलला.

पाच अक्षरं, सात खुणा, एकवीस बाइट

चालणारा कोड आणि बरोबर कोड यांत फरक किती, ते एका छोट्या उदाहरणात पाहता येईल.

समजा, एका मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी पत्त्यांची लेबलं छापायची आहेत. लेबल लहान आहे, म्हणून भागाचं नाव सहा अक्षरांत बसवायचं, जास्त असेल तर कापायचं. एआयला सांगितलं की काही सेकंदांत दोन ओळींचा कोड हातात. इंग्रजी ‘जयनगर’ टाकून पाहिलं, नाव बरोबर सहाव्या अक्षरावर कापलं गेलं. झालं, चाललं. मग मराठी यादी घातली आणि लेबल छापून आलं: ‘बनशंकर’. देवीचा देव झाला.

झालं असं, की आपल्या लेखी ‘बनशंकरी’ हे पाच अक्षरांचं नाव आहे: ब, न, शं, क, री. त्याला कापण्याची गरजच नव्हती. पण संगणक देवनागरी मजकूर युनिकोडच्या खुणांमध्ये साठवतो. त्यात शं वरचा अनुस्वार आणि री ची दीर्घ वेलांटी या वेगळ्या खुणा धरल्या जातात, म्हणून नाव सात खुणांचं होतं. साध्या कोडने सहा खुणा ठेवल्या आणि सातवी, म्हणजे शेवटची वेलांटी, टाकून दिली. शेजारच्या कत्रिगुप्पेची गत आणखी वाईट. चार अक्षरांच्या त्या नावात अकरा खुणा आहेत, कापल्यावर उरतं ‘कत्रिग’. यात कुठेही एरर येत नाही, कोड सुरळीत चालतो. मराठी वाचता येणारा माणूस छापलेल्या लेबलावर नजर टाकेपर्यंत चूक उघडकीला येत नाही.

युनिकोडच्या नियमांनुसार अक्षरसमूह ओळखण्याच्या तयार सोयी प्रोग्रॅमिंगच्या भाषांत आहेत. ‘मजकूर देवनागरी आहे, जोडाक्षरं आणि मात्रा तुटता कामा नयेत’ असं आधी सांगितलं तर आजची साधनं त्या सोयी वापरतातही. पण तसं सांगायला अडचण कुठे येणार हे माहीत असावं लागतं.

याच नावात आणखी एक हिशेब दडला आहे. रोमन लिपीत ‘बनशंकरी’ला बारा अक्षरं आणि बारा बाइट लागतात. देवनागरीत प्रत्येक खुणेला तीन बाइट, म्हणजे सात खुणांचे एकवीस. इंग्रजीवर पोसलेल्या मॉडेलचे टोकन इंग्रजी शब्दांच्या मापाने बेतलेले असतात, त्यामुळे भारतीय भाषांतला एक शब्द त्यांत बारीक तुकड्यांनी मोडतो. बंगळुरूच्या सर्वम एआयने ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वम-१ हे मराठीसह दहा भारतीय भाषांचं मॉडेल आणलं, तेव्हा या अडचणीचे आकडे मांडले होते: तेव्हाच्या इतर बहुभाषिक मॉडेलांना भारतीय लिपीतल्या एका शब्दाला बहुधा चार ते आठ टोकन लागायचे, त्यांच्या मॉडेलला साधारण १.४ ते २.१. पैसे टोकनवर मोजले जातात आणि यंत्राची एका वेळी लक्षात ठेवण्याची मर्यादाही टोकनवरच ठरते. त्यामुळे मराठीत काम करणाऱ्याला तेच काम महाग पडतं आणि यंत्राच्या लक्षातही कमी राहतं. पुण्याच्या एल३क्यूब या संशोधक गटाने २०२२ मध्ये सुमारे अडीच कोटी वाक्यांचा मराठी मजकूरसंच आणि त्यावर तयार केलेलं महाबर्ट हे मॉडेल खुलं केलं, त्याचं महत्त्व या हिशेबाने कळतं. २०११ च्या जनगणनेत ८.३ कोटी लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेल्या भाषेला अडीच कोटी वाक्यं हा काही मोठा शिधा नव्हे.

वेग वाढला की वाढल्यासारखा वाटला?

एआयने प्रोग्रॅमर किती वेगवान होतो? दोन प्रयोग शेजारी ठेवण्यासारखे आहेत.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रॅमरांना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा वेब सर्व्हर लिहायला दिला. कोपायलट वापरणाऱ्यांनी तो ५५.८ टक्के कमी वेळात पुरा केला. जुलै २०२५ मध्ये मीटर या अमेरिकन संस्थेने उलट टोकाची माणसं घेतली: वर्षानुवर्षं ज्या मोठ्या खुल्या प्रकल्पांवर त्यांनी काम केलं, त्याच प्रकल्पांतली खरी कामं करणारे १६ अनुभवी प्रोग्रॅमर. एकूण २४६ कामं. २०२५ च्या सुरुवातीची एआय साधनं वापरली तेव्हा त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि काम संपल्यावर विचारलं तर त्यांना वाटत होतं, आपण २० टक्के जास्त वेगाने काम केलं.

दोन्ही निकाल खरे असू शकतात. कोऱ्या पाटीवर छोटं काम असेल तर यंत्राने दिलेलं जवळजवळ तसंच चालतं. लाखो ओळींचा जुना कोड असेल, तर त्यातले अलिखित संकेत यंत्राला ठाऊक नसतात. मग आलेलं वाचायचं, नाकारायचं, पुन्हा सांगायचं, दुरुस्त करायचं, यात वेळ जातो. टाइप करण्याचा शीण वाचल्यामुळे तो वेळ जाणवत नाही. एकट्याने काम करणारा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारच्या कामाने सुरुवात करतो आणि ॲप चाललं तर सहा महिन्यांत दुसऱ्या प्रकारच्या कामात अडकतो, तेही स्वतः न लिहिलेल्या कोडमध्ये.

यात सुरक्षेचा प्रश्नही आहे. कोड लिहिताना इतरांनी लिहून ठेवलेल्या कोडची तयार पॅकेजं वापरावी लागतात. १६ मॉडेलांकडून पावणेसहा लाखांच्या आसपास कोडचे नमुने काढून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सुचवलेल्या पॅकेजांपैकी सुमारे २० टक्के पॅकेजं अस्तित्वातच नव्हती. यंत्र तीच खोटी नावं पुन्हा पुन्हा सुचवतं, म्हणून कुणी बदमाशाने त्या नावाने आपलं विषारी पॅकेज टाकून ठेवलं की सापळा तयार. कंपनीत असा कोड दुसरा कुणी तरी वाचतो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत वाचणारा तोच, लिहून घेणाराही तोच.

लेखनाला कंपायलर नसतो

कोड चुकला की निदान कधी कधी कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, अडवतो. लेखन चुकलं तर कागद काही बोलत नाही.

याचा धडा बंगळुरूलाच मिळाला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळुरू खंडपीठाचा एक आदेश आला. त्यात आधार म्हणून दिलेले काही निवाडे शोधूनही सापडेनात, कारण ते मुळात नव्हतेच. काही दिवसांत आदेश मागे घेण्यात आला. मार्च २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने शहरातल्या एका दिवाणी न्यायाधीशाबाबत पुढील चौकशी आणि कारवाईचे निर्देश दिले. त्या न्यायाधीशाच्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाचे म्हणून अस्तित्वात नसलेले निवाडे उद्धृत झाले होते. दोन्ही वेळा संशयाची सुई एआयकडे वळली. यंत्राची कार्यपद्धती पाहता आश्चर्य नाही. पक्षकारांची नावं, वर्ष, खंड, पृष्ठ असा निवाड्याच्या दाखल्याचा ठरलेला साचा असतो. पुढचा संभाव्य तुकडा जोडत जाणारं यंत्र तो साचा हुबेहूब भरतं. साचा खरा असतो आणि आतला माल कल्पित.

लेखनात फायदा नाही असं मात्र नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या प्रयोगात ४५३ सुशिक्षित व्यावसायिकांना प्रसिद्धीपत्रक, छोटा अहवाल, नाजूक ईमेल अशी कामं दिली होती. चॅटजीपीटी वापरणाऱ्यांचा वेळ ४० टक्क्यांनी घटला, दर्जा १८ टक्क्यांनी वाढला आणि सर्वांत जास्त फायदा लेखनात कच्च्या असलेल्यांचा झाला. इंग्रजीत अर्ज करताना बिचकणाऱ्या मराठी शाळेतल्या पोराला याचं मोल वेगळं सांगायला नको.

ललित लेखनात मात्र मेख निघाली. २०२४ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आलेल्या अभ्यासात एआयकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या लघुकथा वाचकांना अधिक चांगल्या वाटल्या, पण सगळ्या कथा मिळून पाहिल्या तर त्या एकमेकींसारख्या होत गेल्या. प्रत्येकाची कथा सुधारली आणि ढीग एकसुरी झाला. मराठीत हा एकसुरीपणा चटकन ओळखू येतो. ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे’ असं दर परिच्छेदात बजावणारं, प्रत्येक गोष्टीचे तीन पैलू सांगणारं, नातेवाइकांना आणि बँकेच्या मॅनेजरला एकाच सुरात ‘आपण’ म्हणणारं मराठी. बंगळुरूत शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून मराठी माणसं राहतात, आणि घरोघरच्या बोलीत कन्नडचा हेल मिसळलेला आहे. आजीचं तसलं बोलणं कथेत आणायचं तर यंत्र ते ‘सुधारून’ पुण्याच्या वर्तमानपत्रातल्यासारखं करून देतं. ते परत बिघडवणं, म्हणजे पूर्वपदावर आणणं, हे लेखकाचं काम उरतं.

दोघांचा सिनेमा, एकाचा कोश

२०२५ मध्ये बंगळुरूत ‘लव्ह यू’ हा कन्नड चित्रपट चर्चेत आला. नरसिंह मूर्ती आणि त्यांचे तंत्रज्ञ सहकारी नूतन या दोघांनी तो एआयच्या साधनांवर उभा केला: पात्रं, दृश्यं, संगीत, आवाज. ९५ मिनिटं, आणि खर्च सुमारे दहा लाख रुपये, असं निर्मात्यांचं सांगणं. एरवी तेवढ्या पैशांत चार दिवसांचं शूटिंगही भागत नाही. मात्र अशा साधनांची तेव्हाची मोठी खोड म्हणजे एका दृश्यातला चेहरा पुढच्या दृश्यात तसाच न राहणं. यंत्र शेकडो तुकडे काढून देतं, त्यांतला कोणता घ्यायचा हे बघणारी माणसं मात्र दोनच.

एकट्याच्या सिनेमाची गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी महिनाभराहून अधिक काळ कॅमेरा लावून वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, तो लघुपट दाखवून कर्ज मिळवलं आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. लेखन, दिग्दर्शन, फिल्म धुणं, संकलन, सगळीकडे तेच. पण फिल्मला अंधारात भोकं पाडायला सरस्वतीबाई होत्या, सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्यांच्याकडे. बिनभोकांची फिल्म कॅमेऱ्यात सरकतच नाही, तेव्हा हे काम किरकोळ नव्हतं. श्रेयनामावलीत ते आलं नाही.

आजच्या एकट्या निर्मात्यामागेही अशी नाव नसलेली माणसं आहेत, फक्त संख्येने कोट्यवधी. प्रोग्रॅमरांच्या शंकांना फुकट उत्तरं देणारे, विकिपीडियावर मराठी नोंदी लिहिणारे, चित्रं टाकणारे, बातम्या देणारे. त्यांच्या मजकुरावर यंत्र शिकलं. त्याचा मोबदला कुणाला, हा वाद एएनआय वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नेला.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही बंगळुरूचंच. व्ही. कृष्ण यांनी चार दशकांहून अधिक काळ खपून कन्नड-इंग्रजी कोश एकहाती रचला. दीड लाखांहून जास्त शब्दांचा ‘अलर’ २०१९ मध्ये इंटरनेटवर सर्वांसाठी खुला झाला. यंत्राला आज दीड लाख शब्दांचे अर्थ लिहायला सांगितलं तर तेही थोड्या दिवसांत होईल. पण कोशाची किंमत पानांच्या संख्येत नसते. हा अर्थ पाहून-पारखून दिला आहे, या विश्वासात ती असते. चाळीस वर्षं गेली ती लिहिण्यात कमी आणि पारखण्यात जास्त. त्या कामाला यंत्राने अजून आखूड वाट काढलेली नाही.

पारख शिकायची कुठे?

मग ही पारख येते कुठून? आजवर ती कनिष्ठ पदाच्या नोकरीत यायची. नव्या पोराला छोटे बग दुरुस्त करायला द्यायचे, सीनियरने रिव्ह्यूत लाल खुणा करायच्या, दोन-तीन वर्षांत त्याची नजर तयार व्हायची. नेमकं हेच छोटं काम यंत्राकडे गेलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सॉफ्टवेअरसारख्या एआयच्या तडाख्यात आलेल्या व्यवसायांत २२ ते २५ वयोगटातला रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटलेला दिसला. अनुभवी लोकांच्या नोकऱ्या टिकून होत्या. बनशंकरीतल्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना म्हणूनच दुहेरी पेच आहे: एकट्याने धंदा काढणं कधी नव्हे इतकं सोपं, आणि तो धंदा नीट करायला लागणारी नजर कमावण्याची जागा आखडलेली.

त्यावर रामबाण उपाय नाही, पण काही सवयी लावून घेता येतात. कोड मागण्याआधी तो कशाकशाने मोडेल त्या टेस्ट स्वतः लिहिणं, आणि त्यांत देवनागरी नावं घालणं. लेखात आलेलं प्रत्येक नाव, साल आणि दाखला मूळ ठिकाणी जाऊन पाहणं. पहिला मसुदा आपल्या हाताने करून मग यंत्राला शंका काढायला लावणं, म्हणजे विचाराचा ओघ आपला राहतो. आणि सर्वांत कामाचं म्हणजे त्याच गल्लीतल्या दुसऱ्या एकट्याशी तपासणीची देवघेव करणं: तू माझा कोड वाच, मी तुझा अनुवाद वाचतो.

व्यवहाराची बाजूही आहे. ‘एआयने तर पाच मिनिटांत होतं, मग इतके पैसे कसले?’ हा क्लायंटचा प्रश्न आता रोजचा झाला आहे. त्याला नाराज होऊन उत्तर देण्यापेक्षा बिलाचीच मांडणी बदलावी. ‘कोड लिहिणे’ किंवा ‘मजकूर लिहिणे’ या ओळीचा दर खुशाल उतरवा. खाली ‘तपासणी आणि चुकीची जबाबदारी’ अशी वेगळी ओळ घाला, आणि तिचा दर चढा ठेवा. क्लायंट खरे पैसे त्याच ओळीचे देत असतो.